मागच्या दाराला टेकवलेल्या पेट्या

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई ५४ वर्षांच्या आहेत. थोरली बहीण गेल्यावर तिची मुलगी त्यांच्याकडेच वाढली. ती आता २२ वर्षांची आहे आणि चौघांच्या एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. "मावशी, शनिवारी आमचा कार्यक्रम आहे, येशील का?" असे तिने यंदा पहिल्यांदाच विचारले. बाईंनी आजवर संगीत ऐकले ते खुर्च्यांच्या रांगा असलेल्या, खोकला आला तरी संकोच वाटावा अशा शांत सभागृहांत. म्हणून त्या एका दुपारी कोणालाही न सांगता ती जागा बघून आल्या. खाली तळघर, उतरायला अरुंद जिना, काळ्या भिंती, त्यांवर स्टिकरांचे थर, पावलाला चिकटणारी जमीन, कडी तुटलेले स्वच्छतागृह, कोंदट वास, आणि सगळा पसारा असा की मागच्या दारालासुद्धा वाद्यांच्या पेट्या टेकवून ठेवलेल्या. त्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. यजमानांचे म्हणणे, "तू त्या पोरांत जाऊन उभी राहिलीस तर तिलाच ओशाळल्यासारखे होईल." बाई विचारतात: मी जावे का? तिलाच तिथे वाजवण्यापासून रोखावे का? की तिला न सांगता मागे अंधारात उभे राहून ऐकावे आणि निघून यावे?

---

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला तुमची माया दिसली आणि त्या मायेपोटी आलेली धास्तीही दिसली. दुसऱ्या वाचनात मात्र तुम्ही केलेल्या यादीतल्या शेवटच्या गोष्टीशी मी अडखळले. तुम्ही ती पसाऱ्याची खूण म्हणून जाता जाता लिहिली आहे, पण माझ्या मते संपूर्ण पत्रात काळजी करण्याजोगी गोष्ट तेवढीच आहे. तिच्याकडे मी येणारच आहे. आधी बाकीची यादी पाहू, कारण तुमची झोप उडाली ती त्या बाकीच्या यादीमुळे.

काळ्या भिंती, स्टिकर, चिकट जमीन आणि तुटलेली कडी यांतून तुम्ही असा अर्थ काढला की या जागेची कोणाला फिकीर नाही, आणि जिथे जागेची फिकीर नाही तिथे माणसांची तरी कशी असेल. हा निष्कर्ष समजण्यासारखा आहे, पण तो तपासून घ्यायला हवा. अशा जागा बहुतेक वेळा तळघरात किंवा जुन्या गोदामात असतात याचे कारण साधे आहे. तिथले भाडे परवडते, आणि जमिनीखालच्या जाड भिंतींमुळे शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास कमी होतो. भिंती काळ्या रंगवतात त्या रंगमंचावरचा प्रकाश परत फेकला जाऊ नये आणि रोजचे ओरखडे दिसू नयेत म्हणून. स्टिकरांचे थर म्हणजे तिथे वाजवून गेलेल्या बँडची हजेरी असते. जवळ जाऊन पाहिलेत तर सर्वांत खालचे कागद पिवळे पडलेले दिसतील आणि त्यांवरची काही नावे आता कोणाला आठवतही नसतील. जमीन चिकट असते कारण गर्दीत पेये सांडतात. कडी मात्र दुरुस्त करायलाच हवी होती, त्याबाबतीत मी तुमच्या बाजूने आहे.

अशा दोन नावाजलेल्या जागांची उदाहरणे देते. इंग्लंडमधील लिव्हरपूलचा कॅव्हर्न हा क्लब १९५७ मध्ये सुरू झाला तो एका गोदामाच्या तळघरात, विटांच्या कमानींखाली, आणि तेही जॅझ संगीतासाठी. माणसांच्या श्वासाने आणि घामाने तिथल्या भिंतींवरून पाणी ओघळत असे. १९६१ ते १९६३ या काळात बीटल्स तिथे जवळजवळ ३०० वेळा वाजले. न्यूयॉर्कमध्ये हिली क्रिस्टल यांनी १९७३ मध्ये सीबीजीबी नावाचा क्लब सुरू केला. त्या नावातली अक्षरे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतप्रकारांची. पण पुढे त्या जागेचे नाव झाले ते रामोन्स, पॅटी स्मिथ, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स या रॉक कलाकारांमुळे. तिथले स्वच्छतागृह इतके कुप्रसिद्ध होते की ती जागा २००६ मध्ये बंद पडल्यानंतर, २०१३ साली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पंक रॉक संगीत आणि वेशभूषेवरील प्रदर्शनात त्याची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. मला यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट वाटते ती वेगळीच. दोन्ही जागा काढल्या होत्या दुसऱ्याच संगीतासाठी, पण ज्यांना वाजवायला अन्यत्र कोणी उभे करत नव्हते त्यांना त्यांनी दार उघडले. तुमच्या भाचीच्या चार जणांच्या बँडला तुमच्या ओळखीच्या सभागृहाने तारीख दिली नसती. या तळघराने दिली. हेही त्या जागेच्या हिशेबात जमेस धरायला हवे.

म्हणजे तिथे धोका काहीच नाही, असे मी म्हणत नाही. धोका आहे, पण तो डोळ्यांना खुपणाऱ्या गोष्टींमध्ये नाही.

पहिला धोका कानांचा. बरीच वर्षे झाली, मी अशाच एका ठिकाणी पहिल्यांदा गेले तेव्हा जागा मिळाली म्हणून आनंदाने स्पीकरच्या शेजारी उभी राहिले. बाहेर आल्यावर मैत्रिणीचे बोलणे गोधडीआडून आल्यासारखे ऐकू येत होते, आणि कानांतली शिट्टी दोन रात्री थांबली नाही. तो इशारा असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी मोठ्या आवाजाने थकतात, आणि एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश ही संस्था ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास राहावे असे सांगते, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी करते. हा हिशेब करत गेल्यास ९४ डेसिबलला १ तास उरतो आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जे मानक प्रसिद्ध केले, त्यात १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही वरची मर्यादा ठेवली आहे, आणि श्रोत्यांना कानांचे संरक्षण व बसायला शांत कोपरा मिळावा असेही सांगितले आहे.

"मग आवाज जरा कमी का करत नाहीत?" असे तुमच्या मनात येईल. लहान खोलीत ते वाटते तितके सोपे नसते. ड्रमला आवाजाचे बटण नसते. ते काठीच्या जोरावर वाजते, बुटक्या छतावर आणि उघड्या भिंतींवर आपटून परत येते. त्याच्या बरोबरीला यायचे म्हणून गिटारचा अँप्लिफायर चढवावा लागतो, आणि त्या दोघांच्या वर गाणाऱ्याचा आवाज ऐकू यावा म्हणून स्पीकर आणखी चढतात. म्हणजे त्या रात्री खोलीतल्या आवाजाची पातळी ठरवणारी व्यक्ती तुमची भाचीच असणार आहे, आणि त्या आवाजाच्या सर्वांत जवळ बसणारीही तीच. तुम्ही एक रात्र तिथे असाल. ती आठवड्यातून किती तास सरावाच्या खोलीत असते, याचा विचार करा. "तिथे वाजवू नकोस" हे वाक्य तुम्ही तिच्यासाठी राखून ठेवले होते. त्याऐवजी "तू वाजवताना कानात काय घालतेस?" हा प्रश्न विचारलात तर तो तिच्या जास्त उपयोगी पडेल, आणि तो ऐकताना तिला तुम्ही तिच्या कामाच्या विरोधात आहात असेही वाटणार नाही.

तुमच्यासाठी इअरप्लग आजच आणून ठेवा. कापसाच्या बोळ्याने फारसे काही होत नाही, तो मनाचे समाधान करतो आणि आवाज आत सोडतो. फोमचे प्लग स्वस्त असतात आणि काम चोख करतात, फक्त ते वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे सगळे संगीत भिंतीपलीकडून आल्यासारखे लागते. तुम्ही आयुष्यभर कान देऊन संगीत ऐकले आहे, म्हणून मी तुम्हाला गाळणी असलेले, संगीतासाठी बनवलेले प्लग सुचवीन. ते सगळेच सूर साधारण सारख्या प्रमाणात खाली आणतात आणि शब्दही समजतात. फोमचे घेतलेत तर आधी बोटांनी पिळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, सुरळी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. नीट बसला की स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. तसे होत नसेल तर काढून पुन्हा बसवा. पाकिटावर छापलेले डेसिबलचे आकडे प्रयोगशाळेतले असतात, अर्धवट बसलेल्या प्लगला ते लागू होत नाहीत. घरी दोन-तीनदा सराव करा, आणि तिथे पहिला सूर लागण्याआधीच घाला. दुसऱ्या दिवशीही कानांतली गुणगुण राहिली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवायला हयगय करू नका.

आता त्या पेट्यांकडे येते.

२० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, वेस्ट वॉरविक येथील द स्टेशन नावाच्या एका लहान क्लबमध्ये कार्यक्रम सुरू होताच रंगमंचावर आतषबाजी झाली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना लावलेल्या फोमने पेट घेतला. इमारतीला इतरही दारे होती, पण बहुतेक लोक ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले, आणि दोन मिनिटांच्या आत ते दार माणसांनीच बंद झाले. १०० माणसे गेली. आपण सगळेच असे वागतो, कारण घाबरलेल्या माणसाला ओळखीचीच वाट आठवते. म्हणून अशा जागेचा खरा कस दुसऱ्या दाराला लागतो. ते आहे का, ते कुठे निघते, त्याला कुलूप आहे का, आणि त्याच्यासमोर काय ठेवले आहे? तुम्ही दुपारी गेलात तेव्हा त्या दाराला पेट्या टेकवलेल्या होत्या. दुपारी सामान उतरवताना तसे होते आणि संध्याकाळी वाट मोकळी केली जाते, असे असू शकते. पण "असू शकते" यावर विसंबू नका. भाचीला सरळ विचारा, आणि शनिवारी स्वतः पाहा.

पूर्वग्रहावर एवढे बोलून झाल्यावर हे मी मुद्दाम ठामपणे सांगते: त्या तळघरातून बाहेर पडायला तो अरुंद जिना सोडून दुसरी वाट नसेल, किंवा दुसरे दार कार्यक्रमाच्या वेळीही बंद वा अडवलेले राहत असेल, तर तुम्ही जाऊ नका आणि तिलाही तसे सांगा. त्या वेळी तिला रोखणे जाचक ठरणार नाही. पण कारण नेमके सांगा. "ती जागा मला आवडली नाही" याला २२ वर्षांची मुलगी काय उत्तर देईल ते तुम्हाला माहीत आहे. "मागचे दार उघडत नाही" हे तिला आणि तिच्या साथीदारांनाही उडवून लावता येणार नाही, आणि जागा चालवणारा माणूस चांगला असेल तर तो त्यांचे ऐकेल. आतषबाजी, भिंतीवरचा फोम, क्षमतेपेक्षा जास्त माणसे, या गोष्टी दिसल्या तरी हाच नियम धरा.

गर्दीबद्दल थोडक्यात लिहिते. रंगमंचासमोर मधोमध काही मुले एकमेकांना धक्के देत नाचतील, त्याला मॉश पिट म्हणतात. लांबून ते भांडण वाटते, पण त्याचा एक नियम जवळजवळ सगळे पाळतात: कोणी पडला की सभोवतालचे थांबतात आणि आधी त्याला उचलतात. तुम्ही त्या वर्तुळात नसावे, इतकेच. कडेला किंवा मागे उभे राहिलात तर धक्का लागणार नाही. स्वतःच्या इच्छेने हात वर करता येईनासे झाले किंवा गर्दीच्या लोंढ्याबरोबर पाय सरकू लागले तर गाणे संपायची वाट न पाहता तिरके सरकत कडेला या.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. न सांगता जायचे, अंधारात उभे राहायचे, ऐकायचे आणि निघून यायचे. यामागे तुम्ही धरून चालला आहात की तुमचे तिथे असणे तिच्यासाठी ओझे आहे. पण निमंत्रण तिने दिले आहे, आणि तुमच्या शब्दांवरून दिसते की पहिल्यांदा दिले आहे. घरात दोन वर्षे उशीवर काठ्या आपटत सराव करणाऱ्या मुलीने मावशीला "येशील का?" असे विचारायला किती दिवस मनाशी जुळवाजुळव केली असेल, याची कल्पना करून पाहा. ओशाळेल असे म्हणाले ते यजमान. ती तसे म्हणालेली नाही. तिच्या मनात तेही असू शकते, माणसाला एकाच वेळी कोणी यावे असेही वाटते आणि त्याची धास्तीही वाटते. त्यावर उपाय लपणे हा नाही. "मी येते आहे, मागे आवाज जुळवणाऱ्या इंजिनिअरच्या मिक्सरपाशी उभी राहीन, तुझ्या मित्रमंडळींत येणार नाही, तू वेळ मिळेल तेव्हा मला भेट," एवढे सांगितलेत की तिला तुम्ही कुठे आहात ते कळेल आणि तिचा वावरही मोकळा राहील. लपून गेलात आणि नंतर कोणाकडून तरी तिला कळले, तर विश्वासाने दिलेल्या निमंत्रणाला तुम्ही पाळत ठेवून उत्तर दिलेत असे तिला वाटेल. अशा खोलीत शंभरभर माणसे असतात आणि पंचावन्नच्या घरातल्या बाई नजरेतून सुटत नाहीत. शिवाय तुम्ही समजता तितक्या तुम्ही तिथे एकट्या पडणार नाही. जुने श्रोते, वाजवणाऱ्यांचे आईवडील, पूर्वी स्वतः वाजवलेली माणसे मागच्या भिंतीशी उभी असतात.

मिक्सरपाशी उभ्या राहा, असे मी सुचवले ते फक्त गर्दी टाळायला नव्हे. साउंड इंजिनिअर जिथे उभा असतो तिथल्या कानांनी तो सगळे जुळवत असतो, म्हणून संगीत सर्वांत समतोल तिथेच ऐकू येते. पहिले गाणे गढूळ वाटले तर लगेच मत बनवू नका. आवाजाची चाचणी रिकाम्या खोलीत झालेली असते, आणि माणसांची शरीरे व कपडे आवाज शोषतात. खोली भरली की सगळे बदलते आणि इंजिनिअरला पहिल्या एक-दोन गाण्यांत ते पुन्हा बसवावे लागते. तोपर्यंत तुम्ही भाचीच्या उजव्या पायाकडे पाहा. तो मोठा ड्रम वाजवतो, आणि बेस गिटारवाला बहुधा त्याच पायावर आपला सूर टेकवत असतो. त्या दोघांचे एकमेकांकडे पाहणे दिसले की तुमच्या कसलेल्या कानाला उरलेल्या गोंगाटातला ताल आपोआप सापडेल. ते संगीत आवडलेच पाहिजे असे नाही. तीन गाणी ऐका, जीव गुदमरला तर वर मोकळ्या हवेत जा, परत या. कोणी वळून पाहणार नाही, अशा ठिकाणी माणसे सतत आतबाहेर करतात.

जाण्यापूर्वी तिला तिच्या बँडची वेळ विचारून घ्या, कारण जाहिरातीवर छापलेली वेळ बहुधा दारे उघडण्याची असते आणि त्यांच्या आधी आणखी एक-दोन बँड असू शकतात. जमल्यास त्यांचेही ऐका. रिकाम्या खोलीसमोर वाजवणे किती जड जाते ते त्या वयात कोणी कोणाला सांगत नाही. पाय पूर्ण झाकणारे, न घसरणारे बूट घाला. अंगावर पातळ थर ठेवा, खाली गरम होते. खांद्यावरून आडवी अडकवायची लहान पिशवी घ्या आणि तिच्यात कागदी रुमाल ठेवा. स्वच्छतागृहाचे काम शक्यतो घरूनच उरकून निघा. तिकीट विकत घ्या. तिने पाहुण्यांच्या यादीत नाव घालते म्हटले तरी घ्या, कारण लहान जागांमध्ये अनेकदा दाराशी जमलेल्या पैशांतूनच बँडला वाटा मिळतो.

कार्यक्रम संपताच तिच्याकडे धावू नका. ड्रम वाजवणाऱ्याला श्वास घ्यायच्या आधी आपला पसारा आवरून पुढच्या बँडला जागा मोकळी करून द्यावी लागते. झांजा उतरवायच्या, स्टँड मिटायचे, मोठा ड्रम पुढे सरकू नये म्हणून खाली अंथरलेला गालिचा गुंडाळायचा. ती मोकळी झाली की तुम्हाला शोधत येईल. तेव्हा "छान झाले" एवढेच म्हणू नका, तुम्हाला खोटे बोलता येत नाही हे ती लहानपणापासून ओळखून आहे. कानठळ्यांचाही विषय नको. डोळ्यांनी पाहिलेली एखादी नेमकी गोष्ट विचारा: अमुक गाण्यात तू मध्येच थांबलीस आणि सगळे तुझ्याकडे पाहत राहिले, ते ठरवलेले होते का? ती जे सांगू लागेल ते ऐका, आणि तिच्या हातात सामान असेल तर त्यातली एखादी पिशवी घ्या. झांजांची पिशवी दिसते त्यापेक्षा बरीच जड असते, दोन्ही हातांनी उचला.

राहिला प्रश्न त्या पेट्यांचा. चौघांच्या बँडमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत मोठ्या पेट्या ड्रम वाजवणाऱ्याच्या असतात, तेव्हा त्या दिवशी मागच्या दाराला टेकवलेल्या पेट्या तुमच्या भाचीच्याच असण्याची शक्यता बरीच आहे. शनिवारी अर्धा तास आधी पोहोचा. त्या अजून तिथेच असतील तर तिला हाक मारा, दोघी मिळून त्या जिन्याखाली किंवा रंगमंचामागे हलवा, आणि मग दार हाताने ढकलून ते पूर्ण उघडते ना, हे बाहेर पाऊल टाकून पाहून या.